जिन्यावरचं कीतो

नाव वाचून तुम्हाला वाटलं असेल, चला, हा पोरगा कुठंतरी फिरून आला, आता डोंगर दाखवेल, चर्च दाखवेल आणि शेवटी ‘मग आम्ही सूर्यास्त पाहिला’ असं लिहील. सॉरी. ह्यात सूर्यास्त नाही. विमानसुद्धा नाही. कीतो ही इक्वेडोर देशाची राजधानी, ती आहे दक्षिण अमेरिकेत, डोंगरात. आणि ही गोष्ट घडली नेपरव्हिलमध्ये, शिकागोच्या पश्चिमेला, जिथली जमीन थालीपीठासारखी सपाट आहे आणि जिथला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात ढकलून ठेवलेला बर्फ. तरीपण मला कीतो माहितीये. कुठल्या चर्चवर कासवं बसलीत, कुठल्या गल्लीत अंजिरं गुळात शिजवतात, कुठं डावीकडे वळलं की दम लागतो, सगळं. एका माणसानं मला ते दाखवलं. एका टाऊनहाऊसमध्ये, पायात लोकरीचे मोजे घालून.

आता दुसरं सॉरी. तुम्हाला वाटेल, तो माणूस तिथं राहून आला असणार. नाही यार. तोपण गेला नव्हता.

काका माझे घरमालक. मूळचे नागपूरचे, पंप बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेले. मी आता जॉबसाठी दुसऱ्या गावी, ट्रॉयला असतो, पण आधी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचो. रूम बघायला गेलो तो दिवस विसरणं शक्य नाही. बेल वाजवली. दार उघडलं तर समोर उंच, वाळका माणूस, डोक्यावर गोल हॅट, हातात पडद्याचा रॉड.

“शूज काढ,” माणूस म्हणाला. काढले. “आता पाय उचल आणि त्या पट्टीच्या पलीकडे ठेव. ती नाही, ती नाही. निळी. हां. काय वाटून राहिलं?”

“काही नाही.”

“उत्तर गोलार्धातून दक्षिण गोलार्धात आला बे तू! आणि म्हणतो काही नाही!”

हॉलमध्ये जमिनीवर दोन चिकटपट्ट्या होत्या. पिवळी आणि निळी. कीतोच्या बाहेर विषुववृत्ताचं मोठं स्मारक आहे, लोक तिथं एक पाय इकडे एक पाय तिकडे टाकून फोटो काढतात. पण जुन्या लोकांचं मोजमाप जरा हुकलेलं, खरी रेषा थोडी बाजूला आहे. म्हणून काकांनी दोन्ही मारलेल्या. पिवळी चुकलेली, निळी खरी. पाहुण्यानं पिवळीवर पाय ठेवला की काकांना इतका आनंद व्हायचा, की विचारू नका.

किचनमधून काकूंचा आवाज आला. काकू पुण्याच्या, बोलणं कमी पण नेम पक्का. “अहो, पृथ्वीचे दोन तुकडे करा हवं तर, माझ्या हॉलचे नका करू. आणि त्या मुलाला रूम बघायचीये, त्याला खाली न्या.”

“खाली जायच्या आधी वर जावं लागते,” काका म्हणाले आणि मला जिन्यावर घेऊन निघाले.

तर कीतो जिन्यावर होतं. हॉल म्हणजे मोठा चौक. सोफा म्हणजे सान फ्रान्सिस्कोचं चर्च, शोकेस म्हणजे कंपानियाचं चर्च, कारण आतून सगळं सोन्यानं मढवलेलं आणि काकूंचे पितळी दिवे त्याच शोकेसमध्ये. जिना चढायला लागलो की काका कुजबुजायचे. “हळू. इथून हवा विरळ होते. बोलू नको.” एवढं म्हणून स्वतः अखंड बोलायचे. अगदी वरती, बाथरूमच्या दारापाशी, एक उभा दिवा होता आणि त्याला पुठ्ठ्याचे दोन पंख लावलेले. ती पानेसियो टेकडीवरची पंखवाली मेरी. टेकडीवरून ती अख्ख्या शहरावर नजर ठेवते, इथून ती अंघोळीला कोण किती वेळ लावतंय ह्याच्यावर ठेवायची.

प्रत्येक स्टॉपवर काकांचं एकच पालुपद. “घाई नाही. कीतो काही पळून नाही जाऊन राहिलं.”

खाली येताना जिन्याच्या मधल्या वळणावर काका थांबले. तिथं भिंतीवर एक लग्नाचा फोटो होता. छोटं पांढरं चर्च, नवरा-नवरी, आणि बाजूला पैठणी नेसलेल्या काकू. काकांनी फोटोकडे पाठ केली, किचनकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून, गाईडच्याच सुरात म्हणाले, “हे ला रोंडा गल्लीच्या वरच्या अंगाचं छोटं चर्च. गाईडबुकात नाही. इथे एक लग्न झालं. छान झालं म्हणतात. गाईडला बोलावणं होतं, गाईड गेला नाही. गाईड गाढव. चला पुढे.”

मला वाटलं जोक आहे. मी हसलो. काका हसले नाहीत. मग मी रूम घेतली.

बेसमेंटमध्ये माझ्या खोलीला लागून ट्रेडमिल होतं. रोज सकाळी काका हॅट घालून, काखेत छत्री मारून त्याच्यावर चढायचे, आणि समोरच्या टीव्हीवर कुणीतरी कीतोच्या रस्त्यातून चालत काढलेला व्हिडिओ लावायचे. व्हिडिओत चढ आला की ट्रेडमिलचा चढ वाढवायचे. समोरून माणूस आला की “बुएनोस दियास!” म्हणून हॅट उचलायचे. एकदा व्हिडिओत पाऊस आला तर ह्यांनी छत्री उघडली. मी ब्रश तोंडात धरून दारात उभा. काका म्हणाले, “काय बघून राहिला? तिथं दुपारून पाऊस येतेच.”

आणि तो दगड. सान फ्रान्सिस्को चर्चची तिकडे एक कहाणी सांगतात. बांधणाऱ्या माणसानं सैतानाशी करार केला, की एका रात्रीत काम पुरं कर आणि माझा आत्मा घेऊन जा. सैतानानं बांधलं, पण एक दगड बसवायचा राहिला, आणि माणूस वाचला. ही कहाणी काकांनी जरा जास्तच मनावर घेतलेली. ते कुठलंच काम पुरं करायचे नाहीत. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढतील, कोपऱ्यात एक ढीग ठेवतील. भांडी घासतील, सिंकमध्ये एक चमचा ठेवतील. काकूंनी विचारलं की उत्तर ठरलेलं, “एक दगड राखला आहे.”

“सैतान तुमच्या वाटेला यायचा नाही,” काकू म्हणायच्या, “त्याला पण डोकं असेल.” आणि चमचा स्वतः धुवायच्या.

गोडाचं तर विचारूच नका. स्पॅनिश शिकता शिकता काका तिथल्या एका आजीबाईंच्या रेसिपी व्हिडिओपर्यंत पोचले, आणि घराचा ताबा गेला. गुळाच्या पाकात शिजवलेली अंजिरं आणि त्यावर ताज्या चीजचा तुकडा, हा प्रकार त्यांनी पनीर लावून केला, आणि खरं सांगतो, भारी लागला. मग एस्पुमिया. दिसायला कोनातलं गुलाबी आईस्क्रीम, पण मुळात ते पेरूच्या गरात फेटलेलं अंड्याचं पांढरं. थंड नाही आणि वितळतपण नाही. काका ते आलेल्या माणसाच्या हातात द्यायचे आणि तो घाईघाईनं चाटायला लागला की खूश. “हळू खा. वितळून नाही राहिलं ते. घाई तुला आहे, त्याला नाही.”

एकदा इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, ते मक्याचे दाणे गुळात घोळवून घेऊन गेले. कीतोच्या जुन्या भागात पुड्या मिळतात त्याच्या. एका काकूंनी मूठभर तोंडात टाकून विचारलं, “छान झालंय हो! म्हणतात काय ह्याला?” काकांनी नाव सांगितलं, आणि मग विचारलं नसताना अर्थपण सांगितला. कुत्र्याची शी. तिथं प्रेमानं तसंच म्हणतात. त्या काकू तोंड बंद करून बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. चावताही येईना, थुंकताही येईना.

आता मला सांगा, असा माणूस घरात असल्यावर माझ्यासारख्यानं नक्कल करू नये, हे शक्य आहे का? मी मंगळवेढ्याचा. शाळेत हेडसरांच्या आवाजात अख्ख्या वर्गाला अर्धी सुट्टी देऊन टाकलेला मुलगा मी. इथं मंडळात पोरंटोरं जमली की सुरू व्हायची, “दादा, डू काका! डू द कीतो थिंग!” मग मी टोपी घालायचो, आवाज नाकात चढवायचो आणि काकांच्या नागपुरी इंग्लिशमध्ये टूर काढायचो. काका कधी समोर नसायचे, अर्थात. तेवढी अक्कल होती.

हे सगळं कशासाठी, ते काकूंनी सांगितलं. मेथी निवडत होत्या, मी काड्या बाजूला करत होतो.

त्यांचा मुलगा निखिल, शिकागोत असतो. त्यानं लुसियाशी लग्न ठरवलं. लुसिया कीतोची, इथं फिजिओथेरपिस्ट. निखिलनं ठरवून झाल्यावर घरी सांगितलं, आधी विचारलं नाही, एवढंच काकांना लागलं. लग्न कीतोला होतं. काका म्हणाले गुडघा दुखतो. मग म्हणाले थंडी बाधते. शेवटी म्हणाले मी येत नाही. काकू एकट्या गेल्या.

“परत आले तर हे टीव्हीसमोर बसलेले,” काकू म्हणाल्या. “त्या शहराचा व्हिडिओ लावून. आवाज बंद. मी म्हटलं, अहो, एक फोन करा लुसियाच्या वडिलांना. तर म्हणाले, करतो, आधी जरा माहिती काढतो. तेव्हापासून माहितीच काढतायत.” त्यांनी मेथीची जुडी झटकली. “माफी मागायला एक वाक्य लागतं रे. ह्यांनी अख्खं शहर पाठ केलं.”

लुसिया काकूंना ‘आई’ म्हणायची. काकांना काहीच म्हणायची नाही, ‘एक्सक्यूज मी’वर भागवायची. आणि मजा म्हणजे ती यायची त्या दिवशी काका सगळं आवरून ठेवायचे. रॉड, हॅट, मेरीचे पंख, सगळं कपाटात. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या डोक्यात एवढंच, की हा माणूस माझ्या लग्नाला आला नाही आणि माझ्याशी बोलत नाही.

मग बाळ झालं. माया. आणि संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण काकूंनी नेपरव्हिलला ठरवलं. लुसियाचे आई-बाबा नातीला बघायला कीतोहून येणार होते, ते पण येणार. पहिल्यांदाच.

ज्या दिवशी हे समजलं त्या दिवशी काका ट्रेडमिलवरून उतरलेच नाहीत.

“हे बघ,” मला म्हणाले, “त्यांना दारात काहीतरी द्यावं लागते. हातात काही असलं की बोलणं सुचते.” आणि मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कीतोमधली एक जुनी मिठाई, कोलासियोनेस. मोठी पितळी कढई दोराला टांगलेली, खाली निखारे. कढईत शेंगदाणे. एक माणूस ती कढई झोक्यासारखी हलवतोय आणि थोडा थोडा पाक सोडतोय. दाणे गोल गोल फिरतायत आणि त्यांच्यावर पांढरा काटा चढतोय.

“अरे, हा तर हलवा!” मी ओरडलो.

“ओळखलं ना!” काकांचे डोळे भरून आलेले. “आपला संक्रांतीचा हलवा बे! काटा बघ, काटा! त्यांचा पण हाच, आपला पण हाच. दारात वाटी पुढे करीन आणि म्हणीन, बघा. बास. पुढचं ते समजून घेतील.”

इंडियन स्टोअरमध्ये हलव्याची पाकिटं मिळतात, हे मी सुचवून बघितलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी पिवळी पट्टीच खरी म्हणालोय.

तर आम्ही गराजमध्ये कढई टांगली. लग्नकार्यात वापरायची, मोठी. खाली कॅम्पिंगचा स्टोव्ह. प्रश्न एवढाच, की दोर बांधायचा कुठं. गराजचं दार वर खेचायला छतावरून एक दांडा जातो, त्याला एक सरकणारा हुक असतो. काका म्हणाले, मजबूत आहे, इथे बांध. मी म्हटलं, काका, हा हलतो. काका म्हणाले, “इंजिनिअर मी का तू?” मी म्हटलं, मीपण. काका म्हणाले, “कॉम्प्युटरचा. बांध.”

आणि जमायला लागलं यार! काका कढईला झोके देतायत, मी पळीनं पाक सोडतोय, दाणे पांढरे होतायत. काका गाणं गुणगुणायला लागले, स्पॅनिश आणि नागपुरी मिक्स. आणि त्याच वेळी काकू सामान घेऊन आल्या, ड्राइव्हवेवर गाडी वळवली आणि गाडीतूनच रिमोट दाबला.

दार वर निघालं, हुक मागे निघाला, आणि हुकाबरोबर आमची कढई, शांतपणे, कुठलीही घाई न करता, गराजच्या मागच्या भिंतीकडे चालायला लागली. काका तिच्या मागे, “थांब! थांब!” करत, जणू ती ऐकणार आहे. मी स्टोव्ह बंद करून बाजूला उडी मारली. कढई भिंतीला लागली, तिरकी झाली, आणि सगळा माल काकांच्या बर्फातल्या बुटांत, जे तिथं ओळीत वाळत ठेवले होते. बुटांत काका नव्हते, नशीब.

काकू हेडलाइटच्या उजेडात उभ्या. हातात पिशव्या.  मी वाकून बुटात बघितलं.

“काका,” मी म्हटलं, “काटा सुंदर आलाय.”

“हलव्याची पाकिटं आणलीयेत मी,” काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

काका उलट्या बादलीवर बसले. मी हसणार होतो, पण नाही हसलो. ते बुटाकडे बघत म्हणाले, “आता काय रे. रिकाम्या हातानं काय बोलू मी त्या माणसाशी?”

बोरन्हाणाच्या दिवशी सकाळी मी वर आलो तर हॉलमधल्या पट्ट्या नव्हत्या. पिवळी पण नाही, निळी पण नाही. काकूंनी विचारलं, “हे काय?” काका म्हणाले, “जाऊ दे.” हॅट नाही, रॉड नाही. इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

पाहुणे आले. व्याही ठेंगणे, गोल, मिशीवाले, तिकडे दातांचे डॉक्टर. गळ्यात तीन मफलर. विहीणबाई त्यांच्याहून ठेंगण्या, छातीशी एक पत्र्याचा डबा धरलेला. लुसियाच्या कडेवर माया, काळं झबलं घालून. काकूंनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. काका म्हणाले, “होला.”

बास. तेवढंच. मग त्यांनी सगळ्यांचे कोट घेतले आणि ते कोट हातात धरून भिंतीशी उभे राहिले. जो माणूस दिव्याला पंख लावून बोलायचा, तो कीतोची दोन जिवंत माणसं घरात आल्यावर गप्प. काकू जवळून जाताना म्हणाल्या, “अहो, बोला. आज नाही बोललात तर ते समजतील तुमचं अजून तेच चाललंय.” काका म्हणाले, “हो.” आणि कोट दुसऱ्या हातावर घेतले.

बोरन्हाण झालं. बोरं कुठली मिळायला, काकूंनी ब्लूबेरी आणलेल्या. चुरमुरे, उसाचे तुकडे, पाकिटातला हलवा. मायाच्या डोक्यावर हलव्याचा मुकुट, तो तिनं काढून चोखायला घेतला. मंडळाची पोरं खाली बसून लूट करायला तयार. तेवढ्यात विहीणबाईंनी डबा उघडला आणि मूठभर पांढरं काहीतरी बाळाच्या डोक्यावरून सोडलं. कोलासियोनेस. खरे. कीतोहून आलेले. ते हलव्यात असे मिसळले की पोरांना ओळखता येईना कुठलं कुठलं. मी काकांकडे बघितलं. काका लांबून त्या दाण्यांकडे बघत होते आणि कोट घट्ट धरून ठेवलेले.

जेवणं झाली आणि हॉल शांत झाला. ती पाहुण्यांमधली शांतता असते ना, सगळे बशीकडे बघतात, तशी. आणि एका कार्ट्यानं तोंड उघडलं, “दादा, डू काका!”

मी मानेनं नाही म्हटलं. पण दुसरा ओरडला, तिसरा ओरडला. लुसियानं इंग्लिशमध्ये विचारलं, “काय करतो हा?”

“ही डझ निखिल्स डॅड,” कार्टं म्हणालं. “इट्स लाइक, अ होल टूर ऑफ कीतो.”

“टूर ऑफ व्हॉट?” लुसिया म्हणाली.

आता मी काय करायला पाहिजे होतं ते मला माहितीये. पण कोणी ‘कर’ म्हटलं की माझे पाय आपोआप उठतात. मी कपाटातून हॅट काढली. दिव्याला पंख लावले, स्वतःपण हात फडफडवले. आवाज नाकात चढवला. “शूज काढ! पाय उचल! काय वाटून राहिलं?”

विहीणबाईंनी आधी लुसियाकडे बघितलं. लुसिया हसत हसत स्पॅनिशमध्ये सांगायला लागली. व्याही पुढे सरकून बसले. सोफ्यापाशी मी सोनं दाखवलं, बॅसिलिका नावाच्या मोठ्या चर्चवरचे दगडी प्राणी दाखवले, इगुआना, कासव, आणि जरा रंगत यावी म्हणून एक हत्ती. ट्रेडमिल केलं, छत्री उघडली. विहीणबाई डोळे पुसत हसत होत्या. जिन्यावर मी “हवा विरळ, हवा विरळ” करत रांगत चढलो. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांच्या भरात मी वळणावर पोचलो, फोटोकडे पाठ केली, आणि तोंड पुढे चालत राहिलं.

“हे ला रोंडाच्या वरच्या अंगाचं छोटं चर्च. इथे एक लग्न झालं. छान झालं म्हणतात. गाईडला बोलावणं होतं, गाईड गेला नाही. गाईड गाढव. चला पुढे.”

लुसियाचं भाषांतर अर्ध्यात थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं. “हे तू बनवलंस?”

“नाही,” मी म्हटलं, माझ्या खऱ्या आवाजात, तो एकदम बारीक निघाला. “हत्ती मी बनवला. हे काकांचं आहे.”

ती वळली. काका कोटांच्या ढिगामागे उभे. नुसतं डोकं दिसत होतं.

“तुम्ही असं म्हणता?”

“रोज,” काका म्हणाले. “टूरमध्ये असते.”

 लुसियानं आई-बाबांना ते वाक्य पूर्ण करून सांगितलं. हळू, एकेक शब्द. विहीणबाईंचा हात गालावर गेला. निखिल जमिनीकडे बघत होता. व्याही उठले. जिना चढून माझ्याजवळ आले, तो फोटो बघितला, जिना बघितला, खालचा सोफा बघितला, आणि मिशीवरून बोट फिरवत काहीतरी विचारलं.

“पपा विचारतायत,” लुसिया म्हणाली, “चर्च ला रोंडाच्या वर दाखवलंय की खाली?”

“वर,” मी म्हटलं.

“ते म्हणतायत चूक. खाली आहे.”

आणि कोट पडले. सगळे. धप्पकन.

“नो, नो, नो!” काका ओरडत जिन्यावर आले. “वर! ला रोंडा, मग पायऱ्या, मग निळं दार, मग चर्च!”

व्याह्यांनी हात हलवला. हिरवं दार, ते म्हणाले.

“निळं! मी आज सकाळी पाहिलं!”

“ट्रेडमिलवर,” काकू खालून म्हणाल्या. “जन्मभर तिथं राहिलेल्या माणसाला रस्ता सांगतायत.”

मग जे सुरू झालं ते विचारू नका. एक माणूस स्पॅनिशमध्ये, एक नागपुरीत, दोघं जिन्याच्या वळणावर, दोघांचे हात हवेत. काकांनी रॉड आणला. व्याह्यांनी रॉड हिसकावून घेतला आणि सोफा हलवायला लावला, कारण सान फ्रान्सिस्को म्हणे एवढं जवळ नाही. दिवा खाली आणला. भाषांतराची गरज संपली होती, लुसिया नुसती कठड्याला टेकून बघत होती. शेवटी व्याह्यांनी काकांच्या छातीवर बोट ठेवलं आणि एक लांब वाक्य म्हणाले.

“पपा म्हणतायत,” लुसिया म्हणाली, “मग येऊन दाखवा कुठलं दार ते. त्यांच्याच घरी उतरायचं. हॉटेलचं नाव काढलंत तर ते भांडतील.” मग म्हणाली, “मीपण भांडेन.”

काका एक पायरी उतरून तिच्यासमोर आले. मग कसंबसं म्हणाले, “सॉरी, बेटा.” त्या एका वाक्याला त्यांना किती वर्षं लागली ते त्यांनाच माहीत.  माया लुसियाच्या कडेवर मुकुट चोखत होती, तिला उचलून लुसियानं काकांच्या हातात दिली आणि म्हणाली, “हिला पण दाखवा.”

काकांनी बाळाला नीट धरलं. रॉड व्याह्यांकडे होता, तो ते देईनात. म्हणून बोटानंच दाखवलं. “आता डावीकडे पाहा,” काका बाळाला म्हणाले. आवाज नाकातून येत नव्हता, कुठूनतरी दुसरीकडूनच येत होता. “घाई नाही.”

पाहुणे गेल्यावर मी हळूच बेसमेंटच्या दाराकडे सरकलो.

“थांब,” काका म्हणाले. सिंकपाशी भांडी घासत होते. “इकडे ये.”

“काका, ते वळणावरचं... तोंडातून निघून गेलं. सॉरी.”

“त्याचं कोण बोलून राहिलं? हत्ती कुठून आणला बे तू?”

“काय?”

“बॅसिलिकावर हत्ती! इक्वेडोरमध्ये हत्ती! आणि कंपानियाचं सोनं सान फ्रान्सिस्कोत लावलं. पंख मेरीला आहेत ना, तू स्वतः काय फडफडून राहिला होता? परक्या लोकांसमोर, कीतोच्या लोकांसमोर, माझ्या नावावर हत्ती खपवला! काय म्हणाले असतील ते? तीन वर्षं मी माहिती काढून राहिलो, आणि हा पाच मिनिटांत तिचं वाटोळं करते! उद्या सकाळी ट्रेडमिलवर ये. सगळं पहिल्यापासून शिकवतो. आणि मी काय असा नाकातून बोलतो?”

मी काकूंकडे बघितलं.

“बोलता,” काकू म्हणाल्या. “आणि एक चमचा राहिलाय सिंकमध्ये.”

मी वाट बघत होतो, आता म्हणतील, एक दगड राखला आहे. काकांनी चमच्याकडे बघितलं. उचलला, घासला, पुसला, खणात ठेवला. मग नॅपकिन माझ्या खांद्यावर आपटला.

“हत्ती, म्हणे!”